धुतल्यावर उरेल ते

बाईंकडे गेलेल्या माणसाला आधी निवावं लागायचं. तो उन्हातून आलेला असो, भांडून आलेला असो किंवा लग्नाची पत्रिका द्यायला आलेला असो, ओटीवरच्या लाकडी बाकावर दहा मिनिटं बसल्याशिवाय त्याला आतल्या खोलीत प्रवेश नसे. "तुमच्या अंगाची ऊब माझ्या रेघेला लागते," असं त्या तोंडावर सांगत. पोस्टमन बिचारा बाहेरच सही घेऊन सटकायचा. वीजमीटर बघायला येणारा मात्र मुद्दाम निवत बसायचा, कारण ओटीवर पोफळींचा झक्क वारा लागायचा आणि बाई कोकम सरबत द्यायच्या.

पहिल्या दिवशी मीही निवले. अलिबागमधल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ म्हणून नुकतीच लागले होते आणि खोली शोधत होते. थळच्या रस्त्यावरून समुद्राकडे उतरणाऱ्या एका पाखाडीत बाईंची नारळी-पोफळीची वाडी होती. बाई मुंबईला कुठल्याशा संशोधन संस्थेत भौतिकशास्त्राचं काम करून निवृत्त झालेल्या, आणि एकट्या. मला बाकावर बसवून त्यांनी तीन प्रश्न विचारले. रक्त काढताना हात थरथरतो का? नाही. गुणगुणायची सवय आहे का? आहे. मग ती वरच्या खोलीतच ठेवून खाली यायचं. आणि तिसरा, "एखादी गोष्ट माहीत नसली तर 'माहीत नाही' असं म्हणता येतं का?"

मी म्हटलं, येतं की.

"बघू," म्हणाल्या. खोली मिळाली.

दिसायला बाई म्हणजे एक प्रकरणच होतं. सुती नऊवारी आणि तिच्यावर पुरुषी फुलशर्ट. का, तर पोलक्याला खिसे नसतात. शर्टाच्या खिशात भिंग, टॉर्च, पेन्सिलीचा तुकडा आणि लवंगा. पांढरे केस स्वतःच कात्रीने कापलेले, त्यामुळे एक बाजू नेहमी दुसरीपेक्षा आखूड. बाजारात निघाल्या की बायका तोंडाला पदर लावायच्या. बाईंना ते दिसायचं, पण त्याची नोंद घेण्याइतकं ते त्यांना महत्त्वाचं वाटायचं नाही. नोंद घेण्यासारख्या गोष्टी वेगळ्या होत्या.

त्या सगळ्या होत्या आतल्या खोलीत. पूर्वी तिथे सुपारी ठेवत. भिंती जाड, खिडकी एकच, म्हणून आतली हवा दिवसभर एकसारखी. मधोमध स्वयंपाकाच्या ओट्याला घालतात तसली कडाप्पाची लादी, आणि ती स्कूटरच्या चार हवा भरलेल्या ट्यूबांवर तरंगत ठेवलेली. रस्त्यावरून ट्रक गेला तरी लादीवर हादरा येऊ नये म्हणून. लादीवर लाल लेझर, काचेचा लोलक आणि लोलकावर बसवलेली, करंगळीएवढी, सोन्याचा थर दिलेली काच.

या सोन्यामुळे गावात बाईंबद्दल बरंच बोललं जायचं. काचा मुंबईहून यायच्या. बाईंचे कोणी जुने सहकारी त्या गेटवेवर बोटीतल्या ओळखीच्या माणसाकडे द्यायचे आणि बाई स्वतः मांडव्याच्या जेट्टीवर जाऊन डबी छातीशी धरून आणायच्या. म्हातारीकडे सोनं येतं, रोज येतं, इथपर्यंत गोष्ट वाढली. शेवटी एक सोनार खरंच ओटीवर येऊन निवला. बाईंनी त्याला काच उजेडात धरून दाखवली. त्या थरातून पलीकडची पोफळ दिसत होती. सोनार म्हणाला, "बाई, एवढ्यात नथीचा फासाही व्हायचा नाही!" त्यानंतर चर्चा बंद झाली. बाईंना मात्र तो सोनार फार आवडला. "बघितल्यावर बोलला," म्हणाल्या.

यंत्र कसं चालतं ते त्यांनी मला एका सकाळी चहाच्या वेळात समजावलं. लोलकातून सोन्यावर खालून उजेड टाकायचा. बहुतेक उजेड परत येतो, पण एका नेमक्या कोनात सोनं तो गिळून टाकतं, आणि पडद्यावर तेवढ्या जागी एक काळी रेघ उमटते. आता सोन्याच्या वरच्या अंगाने पाणी सोडायचं. त्या पाण्यातलं काही सोन्याला चिकटलं, अगदी डोळ्याला कधीच दिसणार नाही असं, तरी रेघ जागची हलते. सोन्यावर आधीच एका ठरावीक जंतूला धरून ठेवणारे रेणू पेरून ठेवले की झालं. जंतू आला, अडकला, रेघ सरकली. आमच्या लॅबमध्ये ज्याला दोन-तीन दिवस वाढवत ठेवावं लागतं, ते इथे चहा निवायच्या आत.

"म्हणजे रेघ सरकली की जंतू सापडला," मी म्हटलं.

बाईंनी कप खाली ठेवला. "रेघ सरकली म्हणजे दाराची कडी वाजली. कोण आलंय ते तुला कुठे माहितेय? वारा असेल. मांजर असेल."

रेघेला खरंच सगळं लागायचं. दुपारचा खारा वारा सुटला की ती हलायची. मी जवळ उभी राहिले की हलायची. पाण्यात मीठ जास्त असलं तर नुसत्या खारटपणाने सरकायची, कारण उजेडाला दाट पाणी नि चिकटलेला जंतू एकसारखेच वाटतात. त्यावर बाईंचा एकच उपाय होता. नमुना जाऊ द्यायचा आणि मग आधीचंच ठरलेलं स्वच्छ द्रावण सोडून सोनं धुवायचं. नुसता खारटपणा असेल तर तो वाहून जातो, रेघ जागेवर येते. जंतू अडकला असेल तर तो धुऊन जात नाही, रेघ सरकलेलीच राहते. "धुतल्यावर उरेल ते," बाई म्हणायच्या. त्यांच्या तोंडून हे दिवसातून दहा वेळा निघायचं. गावातल्या भानगडी मी रंगवून सांगायला लागले की त्या ऐकून घ्यायच्या आणि शेवटी विचारायच्या, "बरं. आता धुतल्यावर काय उरतं?" निम्म्याहून जास्त बातम्यांचं काहीच उरायचं नाही.

धुणं पुरतं व्हायला वीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ बाई हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही.

आणि वही. लांबट, काळ्या पुठ्ठ्याची, आकडे आणि वेळांनी भरलेली. त्यात सगळं असायचं. 'चहा सांडला.' 'मांजर आत.' 'हिने नळी उलटी लावली.' 'हिने पुन्हा नळी उलटी लावली.' ही म्हणजे मी. माझ्या गाढवपणाचा इतका तपशीलवार इतिहास माझ्या आईनेसुद्धा ठेवलेला नाही. एकदा मी एक ओळ गिरगटून टाकली तेव्हा बाई पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. खोडायचं नाही. चुकीच्या शब्दांवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर काय ते लिहायचं, आणि सही. "वहीत खोटं गेलं तर मग खरं ठेवायला जागा कुठे राहिली?" म्हणाल्या.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मी एकदाच विचारलं. त्यांची आई याच घरात गेली. उलट्या-जुलाब होत होते, तपासणी मुंबईला पाठवली होती. उत्तर चौथ्या दिवशी आलं आणि आई तिसऱ्या दिवशी गेली होती. बाईंनी हे लवंग चघळत सांगितलं आणि लगेच काच पुसायला घेतली. मला तेव्हा त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला होता. ठेवला नाही. ऊब लागली असती.

आता मूळ गोष्ट.

एका वैशाखात शेजारच्या पाखाडीत हळदीचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी पंधरा-वीस माणसं ओकत होती. एका म्हातारीला अलिबागला हलवावं लागलं. जेवणात कालवं होती. खडकावरून फोडून काढलेली ही कालवं हिराबाईने दिली होती. हिराबाई आमच्याकडची कोळीण. ओहोटीला खडपावर जाऊन कालवं काढायची आणि सकाळी बाजारात विकायची. घरात दुसरं मिळवतं कोणी नव्हतं. लोक कुजबुजायला लागले होते, पण अजून कोणी तोंडावर म्हणत नव्हतं. सरकारी तपासणीला नमुने गेले होते, पण त्याला दिवस लागणार होते. मग पंचायतीचे मेंबर एका सकाळी उरलेल्या कालवांची बालदी स्कूटरला अडकवून बाईंकडे आले. मागे दहा-बारा माणसं.

"बाई, तुमचं सोनं काय म्हनतंय ते बगा ना. लोकांचा जीव टांगनीला लागलाय."

बाईंनी आधी नाही म्हटलं. यंत्र अजून कच्चं आहे, म्हणाल्या. मग मेंबर म्हणाले, मुंबईचा रिपोर्ट यायला चार दिवस तरी जातील. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी बालदी उचलून आत नेली.

मी त्या दिवशी सुट्टीवर होते. बालदीतलं पाणी गाळून मीच नळीत सोडलं. सोन्यावर उलट्या-जुलाबाच्या जंतूला पकडणारे रेणू होतेच. दोन मिनिटांत रेघ सरकली. थोडीथोडकी नाही, अशी सरकली की माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. बाईंनी वेळ टिपली, धुण्याचं द्रावण सुरू केलं आणि हाताची घडी घातली.

बाहेर माणसं होती. कोणाचा तरी फोन वाजत होता, कोणी तरी 'झालं का?' विचारत होतं. मला वाटलं, यांना सांगायला हवं. खोटं कशाला बोलू, मला हेही वाटलं की सांगायचा मान माझा आहे. ज्या यंत्राला गाव हसत होतं ते आज बोललं होतं. बाईंची पाठ माझ्याकडे होती. मी हळूच दार ओढून ओटीवर आले आणि म्हटलं, "बाईंना सापडलं. कालवांतच आहे."

मी आत परतले तेव्हा रेघ मागे यायला लागली होती. सावकाश, पण येत होती. वीस मिनिटांनी ती होती त्या जागेवर येऊन उभी राहिली, केसभरही इकडेतिकडे नाही. सोन्यावर काही चिकटलेलं नव्हतं. नुसतं मीठ.

"पाणी आटलंय," बाई म्हणाल्या. "बालदी उन्हात होती वाटतं. जा, सांग त्यांना, काही नाही म्हणून."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. मला रडू फुटलं. ओटी रिकामी झाली होती. मेंबरांनी व्हॉट्सअॅपवर टाकलंसुद्धा होतं.

तासाभरात हिराबाई आली. बाजारात कोणी तरी तिची पाटी गटारात उपडी केली होती. ती आली ती घामाने निथळत, केस सुटलेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाईंनी कोणाला तरी न निववता सरळ आत घेतलं.

"कंची काच गो तुजी? दाखव मना! माजी आय खडपावर बसली, मी बसतंय, आजपावेतर कोनाच्या पोटात दुखलं न्हाय. तू सांगतंस माज्या कालवांत ईख हाय? तुला कालवाची चव तरी ठावूक हाय काय?"

बाई जन्माच्या शाकाहारी. त्या म्हणाल्या, "नाही. चूक झाली. तुझ्या कालवांत मला काही सापडलेलं नाही."

"मंग सांगलंस कशाला?"

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला, नळी चालू असताना बोलू नको म्हणून करायच्या तसा. "माझ्याकडून शब्द गेला," म्हणाल्या.

हिराबाईने मग त्यांना अशा शिव्या घातल्या की त्या मला इथे लिहवत नाहीत. दमल्यावर तिने बालदीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकली. "ह्ये पानी आटलंय. खडपावरचं पानी असं खारट न्हाय."

बाईंचे डोळे एकदम चमकले. एवढ्या सगळ्यातही. "तुला जिभेने कळतं? किती आटलंय ते सांगता येईल?" मला त्या क्षणी बाईंची लाज वाटली आणि त्यांच्यावर मायाही आली.

"लोकांना सांग," हिराबाई म्हणाली. "हितं मना सांगून काय उपेग? बाजारात येऊन खाऊन दाखव."

"खाल्लं आणि जगले तर एवढंच कळेल की म्हातारी चिवट आहे. पण मी येते."

आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लेझर, लोलक आणि काच पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून अलिबागच्या मासळीबाजारात हिराबाईच्या शेजारी जाऊन बसल्या. उलट्या घातलेल्या क्रेटवर, शर्टाच्या खिशातल्या लवंगा एकामागून एक तोंडात टाकत. खोली नाही, जाड भिंत नाही, ट्यूबा नाहीत. "इथे जंतू काही दिसायचा नाही, धुणं मात्र दिसेल," मला म्हणाल्या. जो येईल त्याला बोलवायच्या. हे आटलेलं पाणी, बघा रेघ सरकली. याच्यावरूनच मी बोलले. आता धुते, थांबा. लोक थांबायचे. खोक्याच्या भोकाला डोळा लावून बघायचे. रेघ परत आली की बाई म्हणायच्या, "धुवायच्या आधी माझा शब्द गेला. कालवांत काही नव्हतं." प्रत्येकाला हेच, एक अक्षर कमी-जास्त नाही. ज्यांना काल त्यांचे केस बघून हसू येत होतं ते आता तोंडावर हसत होते. पहिले दोन दिवस हिराबाई त्यांच्याशी बोलली नाही, बोलली ती शिव्या द्यायला.

तिसऱ्या दिवशी एका माणसाने खोडी काढली. दोन ग्लासांत पाणी आणून म्हणाला, सांगा कुठलं जास्त खारट. बाई नळी लावेपर्यंत हिराबाईने दोन्हींत बोट घालून सांगून टाकलं. मग रेघेने तेच सांगितलं. झालं, गर्दी जमली. लोक खाडीचं, विहिरीचं, भरतीचं पाणी बाटल्यांतून आणू लागले. हिराबाई आधी सांगायची, मग रेघ. एकदाही चुकली नाही. बाई वहीत दोन रकाने पाडून दोघींची उत्तरं लिहीत होत्या आणि अशा खूश होत्या की आपण इथे प्रायश्चित्त घ्यायला आलोय हे विसरल्या असाव्यात. बघायला आलेली माणसं उभ्याउभ्या कालवंही घ्यायला लागली. सातव्या दिवशी पाटी संपल्यावर हिराबाई म्हणाली, "उद्यापासून येऊ नको. तुज्या पाठीला लागंल." आणि स्वतःच्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून बाईंपुढे सरकवला.

रिपोर्ट आला तो त्याच्याही नंतर. दोष सरबतातल्या बर्फाचा होता. तोवर ती म्हातारी बरी होऊन घरी आली होती आणि गावाला दुसरा विषय मिळाला होता.

सात दिवस मी रोज लॅबला जाताना बाजारातून जायचे. रोज ठरवायचे की आज सांगते, आणि रोज बाईंच्या हाताकडे बघून पुढे जायचे. तो हात वर झाला होता ना, असं मनाशी म्हणायचे. ती सबब होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पुढे मी तिथे आणखी तीन वर्षं राहिले. बाई त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. पण वहीत लिहिलं असणार, याची मला खात्री होती. चहा सांडला तर लिहिणारी बाई हे कसं सोडेल? मी ती वही कधी उघडली नाही.

बाई यंदा गेल्या, झोपेत. भाच्याने वाडी आवरली आणि वह्यांचं खोकं माझ्या घरी पोचवलं. वर चिठ्ठी, 'हिला द्या', आणि खाली माझा पत्ता. त्या दिवसाचं पान शोधायला मला आठवडा लागला. शोधायला नव्हे, शोधायचं धाडस व्हायला.

पेन्सिलीने लिहिलं होतं, बारीक, नेहमीच्या अक्षरात. '११.४० रेघ सरकली. ११.४२ धुणं सुरू. ११.४४ धुणं पुरतं होण्याआधी निकाल सांगायला मीच हिला बाहेर पाठवलं.'

तीनदा वाचलं. त्या खोक्यात चाळीस वर्षांच्या वह्या होत्या, आणि माझी पैज आहे, त्या सगळ्यांत मिळून खोटं वाक्य हे एकच असेल. ते त्यांनी माझ्यासाठी लिहिलं होतं, आणि लिहून मला कळूही दिलं नव्हतं. मी खूप रडले. मग 'मीच हिला बाहेर पाठवलं' यावर एक आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'बाईंना न विचारता मी बाहेर गेले.' आणि सही केली.

काल सकाळी वही घेऊन बाजारात गेले. हिराबाई आता थकलीय, कोयता सून चालवते. मी दोन्ही वाक्यं तिला वाचून दाखवली, कापलेलं आणि त्याच्या शेजारचं.

"म्हंजे बाईनं न्हाय सांगलं?"

"नाही. मी सांगितलं."

"दोन-तीन दिस मी तिला तोंडावर बोलले गो. आय-बापावरनं बोलले." तिने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. "ती न्हाय बोलली ते तिचं. तुजं काय झालं व्हतं?"

"माहीत नाही" असं म्हणता येईना, कारण माहीत होतं. मी घाबरले होते.

हिराबाईने पायाने एक क्रेट पुढे ओढला आणि उलटा घातला.

"बस तिच्या जाग्यावर. येनाऱ्याला सांग, तू कोन ते."

मी बसले. वही मांडीवर उघडून ठेवली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते नेमके पंचायतीचे जुने मेंबर, हातात पिशवी घेऊन. त्यांना कालवं हवी होती. मी म्हटलं, "घ्या, पण आधी जरा थांबा. तुम्हाला एक सांगायचं राहिलंय."